खाडीचा हिशोब कोण लिहिणार?

मासा धरतो कोण? कोळी, भोई, ढिवर, खाडीकाठचा आगरी. मासा सोलतं कोण? कंत्राटदाराच्या शेडमध्ये बर्फात हात घालून दिवसभर उभी राहिलेली बाई. सुकट नि बोंबील तव्यावर भाजून भाकरीबरोबर खातो कोण? तुम्ही-आम्ही. आता शेवटचा सवाल. माशावर डॉक्टरेट कोण करतो? त्याचा रिपोर्ट कोण लिहितो, कुठल्या भाषेत लिहितो आणि तो कोणाच्या टेबलावर जाऊन पडतो?

काही मित्र म्हणतील, अत्याचार आहेत, बेकारी आहे, झोपडपट्ट्यांवर बुलडोझर आहेत, आणि तुम्ही हे मासळीचं शास्त्र कुठून काढलंत? हा प्रश्न रास्त आहे. पण आपल्या पोराच्या ताटात येणाऱ्या माशात विष किती, खाडी मेली तर नुकसान किती, भरपाई कोणाला नि किती, हे सगळं शेवटी एका आकड्यावर ठरतं. तो आकडा मोर्चात तयार होत नाही. तो प्रयोगशाळेत तयार होतो. आणि त्या प्रयोगशाळेच्या फाटकातून आपण आत जातो ते वॉचमन म्हणून, नाहीतर झाडूवाली म्हणून.

आधी ही दुकानं कुठंकुठं आहेत ते पाहू. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ ला निघाली, १९७९ ला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली, १९८९ ला तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अंधेरीच्या सात बंगल्याकडच्या एका रस्त्याला तर नावच फिशरीज युनिव्हर्सिटी रोड आहे. तिथं पदवीच्या पुढचं शिक्षण मिळतं. वर्सोव्याचा कोळीवाडा पायी जाण्याच्या अंतरावर. एका बाजूला माशाच्या शरीराचा, रोगाचा, खाद्याचा, बाजाराचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला तोच मासा उतरवणारी, निवडणारी, सुकवणारी माणसं. मधलं अंतर पायानं दहा-पंधरा मिनिटांचं आहे. शिक्षणानं मोजलं तर पिढ्यांचं आहे.

रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. पुढं सरकारनं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ वेगळं काढलं, ते २००० साली नागपुरात. त्याची मत्स्यशास्त्राची कॉलेजं उदगीरला आणि नागपूरला. शिरगावचं कॉलेज दापोलीकडे राहावं की नागपूरकडे जावं, यावरून वर्षानुवर्षं ओढाताण चालली. भांडण दोन विद्यापीठांचं, जीव टांगणीला पोरांचा. समुद्र कोकणात नि माशाचं विद्यापीठ नागपुरात, यावर हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही हसत नाही. भंडारा-गोंदियाचे तलाव आहेत, त्यांच्यावर पोट असलेला ढिवर आहे, आणि तळ्यात कुठली वनस्पती असली म्हणजे मासा अंडी घालतो हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. मराठवाड्यात गावतळी आहेत. तेव्हा कॉलेज कुठं आहे यापेक्षा त्याच्या बाकावर कोण बसलंय ते बघा.

आता वाशीकडे या. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था ही १९५७ ला कोचीनला निघालेली संस्था. तिचं मुंबई संशोधन केंद्र वाशीत आहे, सेक्टर १ मध्ये, आणि तेही सिडकोच्या प्रशासकीय इमारतीत! हे नीट लक्षात घ्या. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहायला लागली. शेतं गेली, मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले तेव्हा जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे जमिनीचा थोडाफार तरी हिशोब झाला. खाडीचा झाला नाही. कारण खाडीला सातबारा नाही! बाप-आजा ज्या पाण्यात पाग टाकत आला ते पाणी कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात त्याच्या नावावर नाही. आणि आता माशाची तपासणी करणारी प्रयोगशाळा, जमिनी घेणाऱ्यांच्याच घरात भाडेकरू म्हणून बसलेली आहे. यात कुणाचा कट आहे असं आम्ही म्हणत नाही. आम्ही फक्त पत्ता वाचून दाखवतो आहोत.

खाडीचं काय झालं ते वाशीगाव, जुहूगाव, सारसोळे, करावे, दिवाळे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आले, त्यांचं पाणी खाडीत आलं. शहर वाढलं, त्याची गटारं खाडीत आली. १९७३ ला पहिला पूल, १९९२ ला रेल्वेचा, १९९७ ला दुसरा, आणि आता तिसरा. प्रत्येक पुलाचे खांब खाडीच्या पोटात. पाण्याची ओढ बदलली, गाळ साचला, होडी रुतायला लागली. मग २०१५ ला खाडीचा मोठा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ ला तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. पक्षी जगावा, आमची ना नाही. गुलाबी पाय बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात, बोटीची तिकिटं काढतात. त्याच चिखलात गुडघाभर उतरून कालवं, खुबे, चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या बाईचा फोटो कोणी काढत नाही. तिची मोजणीही कोणी करत नाही.

मोजणीचीच तर सगळी गोम आहे. मोठ्या धक्क्यावर मासा उतरतो तेव्हा त्याचा अंदाज काढला जातो, टनांत छापला जातो. खाडीचा मासा टोपलीत येतो, टोपलीतून दारोदार जातो. मोठ्या धक्क्याचं तो तोंडही बघत नाही. मग कागदावर खाडीत मासाच नाही असं होतं! आणि जिथं मासाच नाही तिथं नुकसान कसलं? असा हा सरळ सोपा चोरीचा गणिती मार्ग आहे.

तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीच्या मरिआई मच्छीमार सहकारी संस्थेनं हे मुकाट सोसलं नाही. ती मुंबई हायकोर्टात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टानं कोळ्यांचा खाडीत मासेमारी करण्याचा परंपरागत हक्क मान्य केला आणि बाधित मच्छीमारांच्या भरपाईचा प्रश्न सरकारला टाळता येणार नाही असं बजावलं. सातबारा नसलेल्या पाण्यावर माणसाचा हक्क असतो, हे कागदावर आलं. ही मोठी गोष्ट आहे. वाशीच्या एका छोट्या सोसायटीनं ती करून दाखवली.

पण हक्क मान्य झाला की लगेच पुढचा सवाल येतो. किती? किती होड्या, किती जाळी, किती किलो मासा, किती वर्षांचं नुकसान? होडी असलेल्याचा कागद असतो. पायी जाऊन हातानं शिंपल्या वेचणारीचा काय कागद? इथं वकील संपतो नि शास्त्रज्ञ सुरू होतो. प्रकल्पवाला आपला सल्लागार आणतो, त्याच्याकडे दोनशे पानांचा रिपोर्ट, रंगीत नकाशे, परिशिष्टं. आपल्याकडे काय? आपल्याकडे म्हातारीची आठवण. "आधी टोपली भरायची, आता मूठभर मिळतात." हे शंभर टक्के खरं असतं आणि सरकारी टेबलावर शून्य किमतीचं ठरतं. त्या आठवणीला आकड्यात बसवणारा, उधाणाची नि भांगाची मासळी वेगवेगळी मांडणारा, सल्लागाराच्या रिपोर्टातलं खोटं पान बोट ठेवून दाखवणारा पोरगा किंवा पोरगी आपल्यात किती आहेत? बोटांवर मोजा. बोटं उरतील.

आता विषाची गोष्ट. ही आपल्या पोटाची गोष्ट आहे म्हणून सावकाश वाचा.

कारखान्याच्या पाण्यातून येणारे जड धातू पाण्यात तरंगत बसत नाहीत. ते गाळाला चिकटतात, तळाशी बसतात. शिंपल्या, कालवं तर गाळणीसारखं पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, आणि जे येईल ते अंगात साठवतात. चिंबोरी, निवटी चिखलात राहतात. म्हणजे खाडी बिघडली की पहिला धोका तळाच्या जिवाला. आणि तळाचा जीव खातो कोण? तळाचा माणूस! खोल समुद्रातला पापलेट हॉटेलात जातो. खाडीचा स्वस्त वाटा दिघ्याला, रबाळ्याला, तुर्भे स्टोअरला येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी माणसं पोट भरायला इकडं आली, खाणीत दगड फोडले, नाक्यावर उभी राहिली, त्यांच्या पोराबाळांच्या ताटात येतो.

हे तपासणं अवघड नाही. माशाचं मांस घ्यायचं, आम्लात विरघळवायचं, यंत्रात घालायचं. पारा किती, शिसं किती, कॅडमियम किती, यंत्र सांगतं. जंतू बघायचे तर काचेच्या थाळीत वाढवायचे आणि ठिपके मोजायचे. हे काम रोज चालतं. कोणासाठी चालतं, ते १९९७ साली दिसलं. युरोपचे तपासनीस आले, आपली मासळी-कारखान्यांतली घाण बघून गेले आणि युरोपनं भारताची मासळी बंद केली. काय धावपळ झाली! भिंतींना टाइल्स लागल्या, पाण्यात क्लोरीन आलं, पायपुसण्यापासून हातमोज्यापर्यंत नियम आले, प्रयोगशाळांना काम आलं. एका निर्यातबंदीनं जे झालं ते आपल्या लाखो माणसांच्या जुलाबांनी कधी झालं नाही. युरोपातल्या माणसाच्या आतड्याला किंमत आहे. आपल्या बाजारात मावशी फुटलेल्या थर्माकोलच्या खोक्यात, गटाराच्या कडेला मासळी मांडून बसते आणि तिला पुरेसा बर्फसुद्धा मिळत नाही. तिथं कुठला तपासनीस येत नाही. आला तर हप्त्याला येतो.

आणि त्या चकाचक टाइल्सच्या आत कोण होतं? केरळच्या किनाऱ्यावरून कंत्राटदारांनी आणलेल्या तरुण मुली. नव्वदच्या दशकात नवी मुंबईच्या पट्ट्यापासून वेरावळपर्यंत त्या कोलंबी सोलत होत्या. कारखान्याच्याच खोल्यांत झोपायचं, मालाची गाडी येईल तेव्हा उठायचं. कोलंबीचं तापमान उणे अठरावर आहे की नाही याची नोंद तासातासाला. सोलणारीच्या बोटांना बर्फानं काय झालं याची नोंद कुठंच नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग जाळा ही प्रयोगशाळा! दोस्तहो, ही भाषा सोपी आहे आणि फुकटची आहे. शास्त्र आपलं शत्रू नाही. शास्त्र कोणाच्या चाकरीत आहे, हा मामला आहे. दोन उदाहरणं घ्या.

केरळात १९५२ ला नॉर्वेच्या मदतीनं प्रकल्प सुरू झाला. हेतू कागदावर चांगला, गरीब मच्छीमाराचं भलं. पण कोलंबीला परदेशात भाव आला, आणि यांत्रिक ट्रॉलर घेऊन मासेमारीशी संबंध नसलेले पैसेवाले समुद्रात उतरले. ट्रॉलरनं तळ खरवडला, अंडी-पिल्लं सगळं उपसलं. ज्याच्या नावानं प्रकल्प काढला तोच उपाशी. मच्छीमार रस्त्यावर आले, उपोषणं झाली, तेव्हा कुठं १९८८ ला पावसाळ्यातली ट्रॉलिंगबंदी आली.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. पर्ससीन जाळ्यांनी कोकण किनाऱ्यावर धुमाकूळ घातला होता. एका फेऱ्यात अख्खा थवाच्या थवा गुंडाळायचा. पारंपरिक मच्छीमार ओरडून दमला. मग फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांची समिती नेमली गेली. २०१२ ला तिचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारला पर्ससीनवर बंधनं घालणारा आदेश काढावा लागला. अंमलबजावणीत भोकं आहेत, ती जाळ्यापेक्षा मोठी आहेत. पण लहान मच्छीमाराच्या हातात पहिल्यांदा एक कागद आला, ज्यावर शास्त्रज्ञाची सही होती. आंदोलनानं समिती आली, समितीनं आकडा दिला, आकड्यानं आंदोलनाला बळ दिलं. ही साखळी पाठ करून ठेवा.

म्हणून आत शिरायचं. पण फाटकावर काय चाललंय तेही बघा. मत्स्यशास्त्राच्या पदवीला बारावी सायन्स पाहिजे. कोळीवाड्यातला, वस्तीतला पोरगा दहावीनंतर सायन्स घेतो का? क्लासची फी कोण भरणार? घेतलंच तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणि त्याच्यामागं चपला झिजवणं. राज्याच्या यादीत कोळी विशेष मागास प्रवर्गात, दोन टक्क्यांत. भोई-ढिवर भटक्या जमाती ब मध्ये, अडीच टक्क्यांत. केंद्राच्या कागदावर विशेष मागास नावाचा रकानाच नाही. ज्याच्या पिढ्या मासळीत गेल्या त्याला मासळीच्या शाळेत शिरताना आपण कोण हे दहा कागदांनी सिद्ध करावं लागतं.

आत गेल्यावरही सुटका नाही. २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. कॅम्पसच्या भिंतीआड काय चालतं हे या दोन नावांनी देशाला कळलं. फेलोशिपसाठी २०२३ ला बार्टीचे संशोधक आझाद मैदानात ठिय्या देऊन बसले. ज्यांनी लॅबमध्ये बसायचं ते फूटपाथवर! मेरिट, मेरिट म्हणून छाती बडवणाऱ्यांनी एकदा उधाणाच्या रात्री डोल लावून दाखवावी. ओहोटीची ओढ किती, जाळं कधी उचलायचं, वारा कुठून फिरणार, हे ज्ञान नाही तर काय आहे? फक्त त्याला डिग्री नाही. डिग्री असलेला येतो, म्हाताऱ्याला चार दिवस प्रश्न विचारतो, वही भरतो, जातो. प्रबंधाच्या पहिल्या पानावर गाइडचे आभार, खात्याचे आभार, बायकोचे आभार. म्हातारा 'स्थानिक माहितीदार' होतो. नाव नाही.

आणि आता आपल्या आपल्यात. गावठाणातला पोरगा झोपडपट्टीतल्याला 'बाहेरचा' म्हणतो. गावात तळ्याचा ठेका सोसायटीला मिळतो तेव्हा बौद्धवाड्याला त्यात वाटा नसतो, मग ती सोसायटी कितीही मागास असो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा पाणी कोणाचं, हा सवाल एकदाच नि सगळ्यांसाठी विचारला गेला. जे पाणी प्यायला आपण लढलो त्या पाण्यातल्या जिवाचं शास्त्रही आपलंच आहे. पण खाडीवर जगणारा आणि खाडीचा मासा खाऊन जगणारा एकत्र उभे राहिले नाहीत, तर भरपाईचा तुकडा एकाला नि विष दुसऱ्याला, असंच चालू राहील.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. खाडीच्या माशाची, शिंपल्यांची, गाळाची तपासणी दर मोसमात व्हावी आणि निकाल मराठीत, वाशी, सारसोळे, दिवाळ्याच्या कोळीवाड्यात नि दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत फळ्यावर लागावा. खाण्याजोगं काय, टाळायचं काय, स्पष्ट शब्दांत. प्रकल्पाच्या नुकसानीचा अभ्यास प्रकल्पवाल्याच्या पगारी सल्लागाराकडे देऊ नये. चिखलात पायी उतरणाऱ्या बायांची मच्छीमार म्हणून नोंद व्हावी. राखीव जागा भराव्यात, शिष्यवृत्ती वर्ष संपायच्या आत हातात पडावी. बोंबील, जवळा सुकवायचे साधे सोलर ड्रायर संस्थांनी तयार केलेले आहेत, ते प्रदर्शनातून उचलून वाळूवर जवळा पसरणाऱ्या बाईपर्यंत आणावेत. वाळूमिश्रित सुकट गरिबानंच का खायची?

पण मागण्या करून घरी बसणं ही आपली जुनी खोड आहे. म्हणून एक काम आजपासून. नवी मुंबईतल्या आपल्या प्रत्येक गटानं एक वही घ्यावी. खाडीवर जाणाऱ्या चार घरांशी बोलावं, पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्याकडे बसावं. तारीख, उधाण की भांग, कुठलं पाणी, कुठलं जाळं, कुठला मासा, किती किलो, किती रुपये. मेलेले मासे तरंगले तर दिवस, वेळ, पाण्याचा रंग, वास. बाई काय वेचून आणते तेही, तिच्या नावासकट, तिला विचारून. दोन वर्षांची अशी वही कोर्टात उभी राहू शकते. आणि जो पोरगा ही वही लिहील त्याला बारावी सायन्सला बसवायचं, फॉर्म भरायला त्याच्याबरोबर जायचं, फी कमी पडली तर वर्गणी काढायची. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, हिलाही निघेल.

पहिल्या वहीतली पानं आली की पुढच्या अंकात छापू.